रजा आणि खाडा

मराठींत कामावरील गैरहजेरीला दोन शब्द आहेत. एक रजा आणि दुसरा खाडा. शब्दकोशांत ते शेजारीं बसले तरी चालतील, परंतु व्यवहारांत त्यांच्यामध्यें उंच भिंत आहे. कारकुनानें, शिक्षकानें, न्यायाधीशानें घ्यावयाची ती रजा. मोलकरणीनें, बिगाऱ्यानें, ऊसतोड मजुरानें करावयाचा तो खाडा. रजा मंजूर होते, साठते, शिल्लक राहते. खाडा पडतो, मोजला जातो आणि कापला जातो. ताप दोघांनाही सारखाच चढतो. दोघांच्याही घरीं मुलें जन्मतात आणि म्हातारीं माणसें अंथरुणाला खिळतात. मग एकाच्या दुखण्याला रजेचा मान आणि दुसऱ्याच्या दुखण्याला खाड्याचा डाग, हा भेद आला कोठून व तो न्यायाचा आहे काय, याचा थोडा विचार करण्याचें आम्हीं योजिलें आहे.

हा प्रश्न आम्हांला ग्रंथांत नव्हे, स्वयंपाकघरांत सांपडला. आमच्या घरीं धुण्याभांड्यांस येणाऱ्या बाई गेल्या पावसाळ्यांत एकाएकीं पांच दिवस आल्या नाहींत. त्यांच्या सासूबाईंना अर्धांगाचा झटका आला होता व इस्पितळांत त्यांच्या उशाशीं बसणारें दुसरें कोणी नव्हतें. स्वयंपाकघरांतील ज्या दिनदर्शिकेवर दुधाच्या खाड्यांच्या खुणा होतात, तेथेंच या पांच दिवसांवर पांच फुल्या पडल्या. महिनाअखेरीस हिशेब झाला व पांच दिवसांचे पैसे वजा झाले. बाईंनीं नोटा मोजल्या आणि त्या म्हणाल्या, “बरोबर आहे.” त्यांच्या स्वरांत राग नव्हता, उपरोधही नव्हता. त्याच महिन्यांत आम्हीं मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेकरितां पंधरा दिवसांची रजा घेतली होती. ते पंधरा दिवस आम्ही काळा चष्मा लावून आरामखुर्चींत पडून होतों, आणि पहिल्या तारखेस आमचा पगार एक पैही कमी न होतां जमा झाला. तोही बरोबरच होता. दोन्ही हिशेब बिनचूक. आणि तरी ते शेजारीं शेजारीं मांडले असतां मन अस्वस्थ व्हावें, असें कांहीं त्यांत होतें.

जो माणूस त्या दिवशीं काम करीत नाहीं त्याला त्या दिवसाचें वेतन कोणत्या न्यायानें द्यावयाचें? याचीं तीन उत्तरें संभवतात. पहिलें दयेचें: धनी उदार आहे म्हणून तो देतो, न दिलें तर तक्रार नाहीं. दुसरें कमाईचें: चाकरानें इतके दिवस काम करून हा विसावा आधींच मिळविला आहे, म्हणून तो त्याचा आहे. तिसरें सभासदत्वाचें: तो या कामकरी समाजाचा घटक आहे, आणि घटक दुखणाईत झाला तर त्याचा भार सर्वांनीं वांटून घ्यावयाचा असतो. शुक्रनीतींत आजारी सेवकाच्या वेतनांतून किती कापावें व किती देत राहावें याचे नियम सांपडतात, आणि सेवा जुनी असेल तर सवलतही अधिक आहे. त्या ग्रंथाच्या प्राचीनत्वाविषयीं पंडितांत वाद आहे. परंतु दया व कमाई यांची सांगड घालण्याची कल्पना आजकालची नव्हे एवढें त्यावरून दिसतें. तिसरें उत्तर मात्र कायद्याच्या भाषेंत यावयास विसावें शतक उजाडावें लागलें.

आमच्या प्रांतांत तें आलें बाळंतपणाच्या निमित्तानें. १९१९ सालीं वॉशिंग्टन येथें भरलेल्या पहिल्या आंतरराष्ट्रीय मजूर परिषदेंत प्रसूतीच्या आधीं व नंतर कामगार स्त्रीला विसावा आणि त्या काळांतील निर्वाहाची तरतूद असावी असा करार संमत झाला. हिंदी कामगारांचे प्रतिनिधि म्हणून तेथें ना. म. जोशी गेले होते. गोखल्यांनीं १९०५ सालीं पुण्यांत स्थापन केलेल्या भारत सेवक समाजाचे ते सभासद. त्यांनीं १९२४ सालीं मध्यवर्ती कायदेमंडळांत या विषयाचें विधेयक मांडलें. तें मंजूर झालें नाहीं. पुढें मुंबईच्या कायदेकौन्सिलांत तशाच स्वरूपाचें विधेयक आलें, आणि १९२८ च्या जुलैंतील चर्चेंत डॉ. आंबेडकरांनीं त्याचा पुरस्कार केला. मातेला प्रसूतीच्या आगेंमागें विश्रांति मिळणें हें राष्ट्राच्या हिताचें आहे, म्हणून त्याचा भार मुख्यतः सरकारनें उचलावा; तथापि ज्या मालकाला त्या स्त्रीच्या श्रमाचा लाभ होतो तोही या जबाबदारींतून सुटत नाहीं, असा त्यांच्या म्हणण्याचा आशय होता. १९२९ सालीं मुंबईचा कायदा झाला. हिंदुस्थानांत या विषयावरील तो पहिला कायदा होय.

या युक्तिवादाकडे वाचकांनीं जरा बारकाईनें पाहावें. त्यांत दयेची याचना नाहीं. कमाईचा हिशेबही नाहीं. मूल हें एकट्या आईचें नसून राष्ट्राचेंही आहे, म्हणून तिच्या विसाव्याचें देणें राष्ट्राकडे लागतें, असा हा विचार आहे. परंतु विचार तिसऱ्या उत्तराचा असला तरी कायदा दुसऱ्या उत्तराच्या सांच्यांत ओतला गेला. अमुक महिने नोकरी झाली असेल तरच लाभ, अशी अट त्यांत होती. आणि ही अट पुढील प्रत्येक कायद्यानें आपल्या परीनें पुढें चालविली. विचार आणि सांचा यांचा हा विजोड आजपावेतों मिटलेला नाहीं.

१९४३ सालीं औद्योगिक कामगारांच्या आजारविम्याची योजना आंखण्याचें काम प्रा. बी. पी. आडारकर यांच्याकडे सोंपविण्यांत आलें. त्या वेळीं व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळांत मजूर खातें डॉ. आंबेडकरांकडेच होतें. १९४४ सालीं आडारकरांचा अहवाल आला, १९४८ सालीं राज्य कामगार विम्याचा कायदा झाला, आणि २४ फेब्रुवारी १९५२ रोजीं कानपूर व दिल्ली येथें योजना सुरू झाली. बिबवेवाडीचें पंचदीप भवन व चिंचवडच्या मोहननगरांतील विमा रुग्णालय यांवरून आपल्यापैकीं पुष्कळजण येतांजातां जात असतील. तीं त्याच अहवालाचीं नातवंडें. विम्याची कल्पना मोठी मार्मिक आहे. भार एका मालकाच्या पिशवीवर टाकला म्हणजे तो तरुण स्त्रीला कामावर घेण्यासच कचरतो. गिरणीमालकांचे कैवारी १९२८ सालीं हाच धाक घालीत, आणि २०१७ सालीं प्रसूतीची भरपगारी रजा २६ आठवड्यांची झाली तेव्हांही हीच भीति बोलून दाखविण्यांत आली. परंतु सर्व मालक व सर्व कामगार यांच्या वर्गणींतून एक पेटी भरली, आणि लाभ त्या पेटींतून दिला, तर कोणा एका मालकास कोणा एका स्त्रीचा भार वाटण्याचें कारण उरत नाहीं. २०१९ पासून ही वर्गणी मालकाकडून वेतनाच्या सव्वातीन टक्के व कामगाराकडून पाऊण टक्का अशी आहे.

आतां त्या पेटीला कुलूप कसें आहे तें पाहूं. विमेदार स्त्रीला प्रसूतीचा लाभ मिळावयाचा तर आधींच्या दोन सहामाह्यांत मिळून ७० दिवसांची वर्गणी भरलेली असली पाहिजे. आजारपणाच्या रोख लाभाला एका सहामाहींत ७८ दिवस हवेत. मग वर्षांत ९१ दिवसांपर्यंत वेतनाच्या ७० टक्के रक्कम मिळते. सहामाही आणि लाभाचा काळ यांत तीन महिन्यांचें अंतर असतें. एप्रिल ते सप्टेंबर केलेल्या कामाचें फळ पुढील जानेवारी ते जून या काळांत. ज्या स्त्रिया विम्यांत येत नाहींत पण आस्थापनेंत नोकरी करितात, त्यांच्याकरितां १९६१ च्या प्रसूति कायद्यानें आधींच्या बारा महिन्यांत ८० दिवस कामाची अट घातली होती. २१ नोव्हेंबर २०२५ रोजीं अंमलांत आलेल्या सामाजिक सुरक्षा संहितेंत तो कायदा विलीन झाला, परंतु ८० दिवस कायम राहिले.

या अटींना केवळ निर्दय म्हणून झिडकारणें योग्य होणार नाहीं. आपल्याकडील भिशीचें उदाहरण घ्या. दहा बायकांनीं वर्षभर पैसे टाकावयाचे आणि भिशी उघडण्याच्या दिवशीं अकरावीनें येऊन हात पुढें करावयाचा, हें कोणासही खपणार नाहीं. आणि खपवून घेतलें तर पुढच्या वर्षीं भिशीच राहणार नाहीं. दुखणें आल्यावर विमा उतरवावयाचा व बरें वाटल्यावर सोडावयाचा, अशी मुभा दिली तर पेटी रिकामी होईल आणि तिचा पहिला तडाखा जे इमानानें वर्गणी भरीत आले त्यांनाच बसेल. शिवाय सत्तर-ऐंशीं दिवस म्हणजे कांहीं डोंगर नव्हे. वर्षाच्या चौथ्या हिश्शाहूनही तो आंकडा लहान आहे. एवढेंही काम ज्याचें नाहीं तो त्या पेटीचा सभासद कसा, असा प्रश्न विचारणाऱ्यास आम्ही दुष्ट म्हणणार नाहीं.

तरी पण दिवस मोजण्यांत एक विपर्यास दडलेला आहे, आणि तो आकडा मोठा आहे की लहान यावर अवलंबून नाहीं. ज्याची प्रकृति धडधाकट, ज्याची नोकरी कायम, ज्याला घरीं मदतीचे हात भरपूर, त्याचे दिवस आपोआप भरतात. आणि त्यालाच विम्याची गरज सर्वांत कमी असते. जिला गर्भारपणाच्या पहिल्या महिन्यापासून अंथरूण धरावें लागलें, जो क्षयासारख्या रेंगाळणाऱ्या दुखण्यानें कधीं कामावर तर कधीं घरीं अशा हेलकाव्यांत आहे, जिला कंत्राटदार दर कांहीं महिन्यांनीं ‘ब्रेक’ देऊन पुन्हा नवी म्हणून घेतो, त्यांचेच दिवस उणे पडतात. म्हणजे गरज जसजशी वाढते तसतशी पात्रता घटते. औषधाच्या बाटलीवर ‘प्रकृति उत्तम असल्यासच घ्यावें’ असें लिहावें, तसला हा प्रकार झाला. विमा योजनेचे कर्ते याविषयीं अगदींच आंधळे नव्हते. कांहीं दीर्घ रोगांसाठीं तींत वाढीव लाभ आहे. परंतु त्या वाढीव लाभाच्या दारावरही पुन्हा आधींच्या नोकरीची व दिवसांची चौकट आहेच.

येथें आम्हांस एक भेद करावासा वाटतो, व या लेखाचें सार म्हणाल तर तें एवढेंच आहे. कामाचे दिवस हे दोन नात्यांनीं विचारतां येतात. पुराव्याच्या किंवा किंमतीच्या. ‘ही स्त्री खरोखर कामकरी आहे, वाटसरू नव्हे, हें आम्हांस कशावरून कळावें?’ असें विचारणें हा पुरावा. ‘हिनें विसाव्याची पुरेशी किंमत मोजली आहे काय?’ असें विचारणें हा सौदा. पुरावा म्हणून मागितलेली अट पुरावा मिळतांच संपते, आणि तो एका मार्गानें न मिळाला तर दुसऱ्या मार्गानें घेतां येतो. किंमत म्हणून मागितलेली अट मात्र एका दिवसानें उणी पडली तरी दार लावून घेते. भिशींत किंमत मोजली जाते हें खरें. परंतु आपलें राष्ट्र ही भिशी नव्हे. भिशींतून बाहेर पडतां येतें. आजार, जन्म आणि मृत्यु यांच्या मंडळींतून कोणासही नांव काढून घेतां येत नाहीं.

आमच्या न्यायालयांनीं हा भेद अशाच शब्दांत मांडला नसला, तरी त्यांचा कल त्याच बाजूला दिसतो. १९७७ सालीं सर्वोच्च न्यायालयापुढें प्रश्न आला कीं बाळंतपणाच्या आठवड्यांची रक्कम मोजतांना रविवार धरावयाचे कीं वगळावयाचे. खटला एका मळ्यांतील मजूर स्त्रीचा होता. न्यायालयानें रविवार धरले. स्त्रीनें त्या काळांत केवळ जीव जगवावयाचा नसून गेलेली शक्ति भरून काढावयाची आहे व तान्ह्या मुलाला पाजावयाचें आहे, म्हणून कायद्याचा अर्थ तिच्या बाजूनें लावला पाहिजे, अशी त्यामागील भूमिका होती. पुढें २००० सालीं दिल्ली महानगरपालिकेच्या रोजंदारीवरील स्त्रियांचा खटला आला. त्या वर्षानुवर्षें रस्ते खणीत होत्या, परंतु त्यांचीं नांवें कायम नोकरांच्या पटावर नसून हजेरीपटावर होतीं. सर्वोच्च न्यायालयानें प्रसूतीचा लाभ त्यांनाही आहे असा निर्णय दिला. खडी फोडणारी स्त्री पटावर आहे कीं हजेरीपटावर, याची तिच्या पोटांतील बाळाला वार्ता नसते, ही साधी गोष्ट कायद्याच्या पोथींत यावयास असे खटले लढावे लागले.

आतां पुन्हा आमच्या बाईंच्या पांच फुल्यांकडे वळूं. समजा त्या एखाद्या कारखान्यांत असत्या, विम्याचे सर्व दिवस भरलेले असते, तरी त्या पांच दिवसांचा रोख लाभ त्यांना मिळाला असता काय? नाहीं. आजारपणाचा लाभ विमेदाराच्या स्वतःच्या आजाराला आहे. त्याच्या आश्रित मातापित्यांना विमा रुग्णालयांत औषधोपचार मिळेल. परंतु त्यांच्या उशाशीं बसण्यासाठीं त्याची जी मजुरी बुडते तिचा उल्लेख कोठें नाहीं. कायद्यानें रोगी पाहिला, वैद्य पाहिला, औषध पाहिलें. पाण्याचा पेला तोंडाशीं धरणारा हात मात्र त्याच्या दृष्टीस पडला नाहीं. याचें कारण उघड आहे. तो हात घरांतल्या बाईचा, आणि घरांतल्या बाईचा वेळ फुकटचा, अशी पिढ्यान् पिढ्यांची समजूत. एकत्र कुटुंबांत ती कशीबशी चालून गेली. चार जावांपैकीं एक दुखणाइताजवळ बसे व तिघी घर सांभाळीत. आज दोन खोल्यांच्या बिऱ्हाडांत एकच सून, आणि तीही चार घरचीं कामें करणारी. तेव्हां ती उशाशीं बसली कीं चूल थंड होते.

ही उणीव भरून काढतां येत नाहीं असें नव्हे. ज्या वाचकांचीं मुलें कॅनडांत स्थायिक झालीं आहेत त्यांनीं तेथील नोकरी-विम्याची चौकशी करून पाहावी. बेकारीच्या भत्त्याहून निराळे असे कांहीं विशेष लाभ त्यांत आहेत. स्वतःच्या आजाराचा, प्रसूतीचा, बालसंगोपनाचा, आणि गंभीर दुखणाइताच्या शुश्रूषेचा. घरचें माणूस मरणपंथाला लागलें असेल तर त्याच्याजवळ राहण्यासाठीं २६ आठवड्यांपर्यंत लाभ मिळूं शकतो. सामान्यतः मिळकतीच्या ५५ टक्के हा दर. तेथेंही मोजणी आहे; साधारणतः मागील वर्षभरांत ६०० तासांचें विम्याचें काम हवें. परंतु मोजणी तासांची असल्यामुळें दोन ठिकाणीं अर्धा अर्धा दिवस काम करणाऱ्याचेही तास एकत्र होतात. आणि शुश्रूषा ही कायद्याला दिसते, ही मोठी गोष्ट. तो देश आमच्याहून श्रीमंत आहे हें कबूल. परंतु काय दिसतें आणि काय दिसत नाहीं, हा प्रश्न पैशाचा नाहीं, दृष्टीचा आहे.

आणि ज्यांना विम्याचें दारच नाहीं त्यांची स्थिति काय? तेथें खाडा केवळ कापला जात नाहीं, तर त्याला दंड पडतो. मराठवाड्यांतील ऊसतोड मजुरांचीं जोडपीं मुकादमाकडून उचल घेऊन हंगामावर जातात. नवराबायको मिळून ‘एक कोयता’. एका दिवसाचा खाडा झाला तर मजुरी तर जातेच, वर दंड उचलींत चढतो. २०१९ सालीं बीड जिल्ह्यांतील स्त्रियांच्या गर्भाशयाच्या शस्त्रक्रियांचा प्रश्न गाजला व डॉ. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखालीं समिति नेमण्यांत आली. सुमारे ८२ हजार ऊसतोड स्त्रियांच्या पाहणींत १३ हजारांहून अधिक स्त्रियांचीं गर्भाशयें काढून टाकलेलीं आढळलीं. त्याला कारणें अनेक. बालविवाह, अपार कष्ट, उघड्यावरचें राहणें, नफेखोर डॉक्टरांनीं घातलेली भीति. परंतु पाळीच्या दुखण्यानें पडणारे खाडे टळावेत, हेंही त्यांतील एक कारण स्त्रियांनीं सांगितलें. रजा नसली म्हणजे माणूस खाड्याचें मूळच शरीरांतून उपटून टाकूं पाहतो, याहून भयंकर पुरावा दुसरा कोणता हवा?

बीड दूर आहे असें म्हणून पुण्याच्या वाचकाला हात झटकतां येणार नाहींत. याच शहरांत १९८० सालीं मोलकरणींनीं संप केला, त्यांची संघटना उभी राहिली, आणि त्यांच्या मागण्यांत पगाराबरोबर हक्काच्या सुट्टीचीही मागणी होती. २००८ सालीं महाराष्ट्रानें घरेलू कामगारांसाठीं कल्याण मंडळाचा कायदा केला. नोंदणी, थोडें साहाय्य, एवढ्यावर तो थांबला. २०२५ च्या जानेवारींत सर्वोच्च न्यायालयानें घरकामगारांसाठीं स्वतंत्र कायद्याचा विचार करण्यास समिति नेमावी असें केंद्र सरकारला सांगितलें. तूर्त या स्त्रियांच्या वांट्याला बाळंतपणांत येते ती मातृवंदना योजनेची पहिल्या मुलासाठींची पांच हजार रुपयांची रक्कम. बँकेंतील अधिकारी स्त्रीच्या २६ आठवड्यांवर ती पसरून पाहिली, तर दिवसाला सुमारे २७ रुपये पडतात. आमच्या घरांतून लेक बाळंतपणाला माहेरीं आली कीं तिला सव्वा महिना खालीं पाय ठेवूं देत नाहींत. गेल्या बारा महिन्यांत तूं किती दिवस राबलीस, असें तिला तिची आई विचारीत नाहीं. ती आई जाणते कीं विसावा ही बाळंतिणीची गरज आहे, बक्षीस नव्हे. त्याच घरीं तिचीं लुगडीं-दुपटीं धुणारी बाई स्वतः मात्र किती दिवसांची ओली बाळंतीण असतांना कामावर आली होती, हें त्याच आईला ठाऊक नसतें.

यावर नेहमींचे दोन आक्षेप आहेत. पहिला असा कीं, हक्काची रजा दिली तर लोक खोटीं दुखणीं काढतील. काढतील, कांहीं काढतात. आम्ही ज्या वर्गांत मोडतों त्या वर्गांतही डॉक्टरी दाखल्याचा उपयोग लग्नसराईंत कसा होतो हें सर्वांस माहीत आहे. परंतु तेवढ्यावरून आमच्या रजा रद्द कराव्या असें कोणी सुचविलें नाहीं. संशय नेहमीं उतरणीच्या दिशेनेंच कां वाहतो, याचें उत्तर आक्षेपकांनीं द्यावें.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. मोलकरणीला एक मालक नसतो, चार-पांच असतात, ते बदलतात. वर्गणी कोणाकडून घ्यावयाची व दिवस कोणी मोजावयाचे? याचें उत्तर शोधावयास कॅनडापर्यंत जावयास नको, आमच्या भवानी पेठेंतच जावें. हमालालाही एक मालक नसतो. सकाळीं एका व्यापाऱ्याचीं पोतीं तर दुपारीं दुसऱ्याचीं. डॉ. बाबा आढाव यांच्या नेतृत्वाखालीं पुण्याच्या हमाल पंचायतीनें आणि मुंबईंत अण्णासाहेब पाटील यांनीं या कष्टकऱ्यांना एकत्र आणलें, आणि १९६९ सालीं महाराष्ट्रानें माथाडी कामगारांचा कायदा केला. व्यापाऱ्यानें मजुरी व तिच्यावरील ठराविक लेव्ही मंडळांत भरावयाची. मंडळानें हमालाला वेतन, भविष्यनिर्वाह निधि, रजेचा पगार, वैद्यकीय मदत द्यावयाची. मालक बदलला तरी मंडळ बदलत नाहीं. या मंडळांच्या कारभारांत दोष नाहींत असें नव्हे. परंतु अनेक मालकांच्या एका कामगाराला रजा देतां येत नाहीं, हें म्हणणें खोटें ठरून अर्धें शतक उलटलें आहे. पोत्याला जें साधलें तें भांड्याला साधूं नये, याला कारण अडचण नसून अनिच्छा आहे. कारण पोत्याचा धनी व्यापारी होता, आणि भांड्याचे धनी आम्ही आहों.

हें लिहितां लिहितां आमचेंच आम्हांला लाजल्यासारखें होऊन आम्हीं घरांत गोष्ट काढली. महिन्याला दोन व दुखण्याखुपण्याला वर्षांत पंधरा भरपगारी रजा, त्या स्वतःच्या दुखण्याच्या असोत कीं घरच्यांच्या, असें ठरलें. आणि मागील पांच दिवसांचे पैसे परत करावयाचेंही ठरलें. बाईंना तसें सांगितलें तेव्हां आम्हांस वाटलें, त्या आभार मानतील, आणि खरें सांगावयाचें तर त्या आभारांसाठीं मन थोडें तयारही होऊन बसलें होतें. त्यांनीं पैसे घेतले, क्षणभर विचार केला आणि विचारलें, “बाकीच्या तीन घरांचं काय?”

त्या तीन घरांतही त्या पांच दिवसांचे पैसे कापले गेले होते. आमच्या औदार्यानें त्यांच्या दुखण्याचा एक चतुर्थांश भाग रजा झाला होता. तीन चतुर्थांश खाडाच राहिला होता. दया कितीही मनापासून केली तरी ती एका घराच्या उंबऱ्यापर्यंतच जाते. पुढचें अंतर कायद्यानें व सर्वांच्या वर्गणीच्या पेटीनेंच तोडावें लागतें. ती पेटी या शहरांत अद्याप ठेवलेली नाहीं. तोंपर्यंत त्या तीन घरांपैकीं एखादें घर हा लेख वाचणाऱ्यांचें असूं शकेल, एवढें ध्यानांत ठेवून वाचकांनीं आज आपल्या स्वयंपाकघरांतील दिनदर्शिकेचें चालू पान एकदां पाहावें.